मल्लव्वा, इख आत गेलं कसं

त्या दिवशी संध्याकाळी आपण दोघांनी कोकरं आयांना लावली. रोजचंच काम. मेंढ्या चरून आल्या होत्या. तू वाघरीच्या जाळीतून एकेक कोकरू सोडत होतीस आणि मी मेंढी पायात धरून उभा होतो. तू कानडीत मोजत होतीस, वंदू, येरडू, मूरू, आणि मी मधेच काहीतरी बोलून तुझी मोजणी चुकवत होतो. लग्न झाल्यापासून चुकवत आलो. त्या दिवशी तू मधेच थांबलीस. मला वाटलं, चुकलीस. तू गालावर हात ठेवून म्हणालीस, "अवो, तोंड नीट उघडंना झालंय."

मी म्हणालो, "बरं झालं. आज वस्तीला जरा शांतता."

तू हसलीस. पण ते हसू तोंडावरच राहिलं, परत गेलंच नाही. ओठ ताणलेले ते ताणलेलेच. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दाढ धरली असंल, लवंग ठेव म्हणालो. राहिलेली कोकरं मी मुकाट्यानं लावली.

आपण दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. दोन दिवस लवंगेत गेले. तिसऱ्या दिवशी तुझी मान मागं ओढायला लागली, तेव्हा आपल्या बिरूनं जीप आणली.

सोलापूरला दवाखान्यात तुला अंधार केलेल्या खोलीत ठेवलं. बाहेर कुणी बादली आपटली तरी तुझी पाठ कमानीसारखी वर यायची. सिस्टर मला म्हणाली, "आजोबा, तुमचा आवाज मोठा आहे. तुम्ही बाहेरच बसा. आवाज झाला की त्यांना झटका येतो." खरंच आहे. जन्म माळावर गेला, या टोकाची मेंढरं त्या टोकावरून हाकली. मला हळू बोलता येत नाही. सहा दिवस व्हरांड्यात बसून राहिलो आणि तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तू गेलीस तेव्हाही मी बाहेरच होतो.

आता तुला झटका यायचा नाही. म्हणून आता बोलतो.

पहिलं बिरूचं सांगतो. आपलं पोरगं लई तापलंय. त्याचं म्हणणं असं की दवाखान्यात आईला इंजेक्शन दिलं, विषावरचं होतं म्हणाले, तरी आई गेली, म्हणजे इंजेक्शन खोटं नाहीतर डॉक्टर खोटा. तुझा दहावा झाला त्या दिवशी, नदीवरून येतानाच त्यानं खिशातून कागद काढला. त्या तरण्या डॉक्टरवर तक्रार. तो कामाला आहे त्या चादरीच्या कारखान्यातल्या कुणाकडून तरी चांगली लिहून आणली होती. "बापू, सही करा," म्हणाला. "नवऱ्याची सही लागती."

मी चौथी शिकलोय, सही येते. पण हात पुढं गेला नाही. तो डॉक्टर मी सहा दिवस बघितला होता. जेवायला बसायचा आणि अर्ध्यातून उठून तुझ्याकडं पळायचा. मी बिरूला म्हणालो, "दोन दिस थांब." तो म्हणाला, "कशाला थांबायचं?" त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर मला माहीत होतं, पण अर्धंच. अर्धं तोंडातून निघत नव्हतं आणि अर्धं मला कळलंच नव्हतं.

माहीत असलेलं अर्धं असं, आणि ते तुलाही माहीत आहे. शेळ्यांना पाला काढताना बाभळीचा काटा तुझ्या टाचेत मोडला. तू तशीच वाघरीत लेंड्यांतून फिरलीस, कोकरू आजारी होतं म्हणून. मग काटा काढला आणि मी माझ्या हातानं त्यावर बिब्बा तापवून लावला. माझ्या बापानं मला लावला, मी तुला लावला. जखम वरून मिटली. तू टाच बघत म्हणालीस, "सुई घ्यावी का वो? उपकेंद्रात देत्यात म्हनं."

आणि मी म्हणालो, "तू काय मेंढरू हाईस व्हय?"

लई हसलीस तू. बाजूच्या पारूला बोलावून सांगितलंस, बघ काय म्हनत्यात. तिथं विषय संपला.

याच्यातली खरी गंमत तुला आणि मलाच कळेल. मेंढरांची सुई आपल्या घरात आणली तूच. मी तर लसीला नावं ठेवणारा. पंधरा-वीस वर्षं झाली असतील. ज्वारी काढलेल्या रानात मी मेंढरं घातली, खाली कणसं लई सांडली होती, मला वाटलं बरं झालं, कोकरं भरतील. भरली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मरायला लागली. तीही मरतुकडी नाही, सगळ्यात गुबगुबीत. उडी मारल्यासारखी करायची, पाय झाडायची, संपायची. अकरा गेली. मी म्हणालो नजर लागली. तू कोयता घेतलास आणि एक कोकरू फाडलंस.

पोट सगळं उघडून बघितलंस. आतडं हातावर धरून उन्हाकडं केलंस. मग मूत्रपिंड काढलंस, ते बोटानं दाबलं तर भिजल्या पेंडीसारखं पसरलं. तू मला म्हणालीस, "आतड्याला भोक न्हाय. मग इख मूत्रपिंडात गेलं कसं?"

मी म्हणालो, "रक्तानं गेलं."

"रक्त पन पिशवीतच अस्तंय की. पिशवीतनं पिशवीत गेलं कसं?"

"तुला काय करायचंय," म्हणालो मी. "पुर चल."

तू पुरलंस, पण प्रश्न पुरला नाहीस. त्या वर्षापासून दर साल पावसाच्या आधी मंद्रूपला जाऊन लस आणायचीस, बर्फाच्या डब्यात, वर ओलं फडकं. एकेक मेंढरू धरायचीस आणि टोचून घ्यायचीस. आणि दर साल मला विचारायचीस, सांगा की, आत गेलं कसं. मी दर साल वैतागायचो. तुझं-माझं एवढं एक भांडण मिटायचं राहिलं.

म्हणून दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मंद्रूपच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडं गेलो. ती बार्शीची, तू तिला लेक म्हणायचीस. तिला तुझं कळलं होतं. खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाली, "काकू दर वर्षी पहिल्या यायच्या लसीला. मामा, काय काम काढलं?"

मी म्हणालो, "कामच न्हाय. एक इचारायचंय. प्रश्न तिचा हाय, जुना." आणि तुझा प्रश्न तिच्यापुढं ठेवला.

 मग तिनं दार लोटून घेतलं आणि बसली.

मल्लव्वा, आता नीट ऐक. मी तिला चार वेळा थांबवून विचारलंय, चुकीचं सांगणार नाही.

आपलं अंग बारीक बारीक पिशव्यांचं केलेलं आहे. त्यांना पेशी म्हणतात. प्रत्येक पिशवीचं कातडं चरबीचं, आणि तेही दोन पदरी. चरबी आहे म्हणून पाण्यातली वस्तू त्यातून सहज आत जात नाही. मी म्हणालो, "घोंगड्यावरनं पाऊस घरंगळतो तसं. लोकरीला मेंढीचं तेल अस्तं की." ती म्हणाली, "अगदी तसंच." मला बरं वाटलं.

जंतू जे विष सोडतो ते प्रथिन असतं. प्रथिन म्हणजे लांब दोरा, पण मोकळा नाही, गुंडी केलेला. तुझ्या लोकरीच्या गुंडीसारखा. या गुंडीची तेलकट बाजू आत लपवलेली असते, बाहेरची बाजू पाण्याला मानवणारी. म्हणून ते रक्तात निवांत फिरतं. पण तसंच राहिलं तर त्याला चरबीच्या कातड्यात शिरता येणार नाही. त्याला आपलं रूप बदलावं लागतं. सगळी मेख त्या रूप बदलण्यात आहे.

कोकरांचं विष आधी बोथट असतं म्हणे. कोकरानं दाणा लई खाल्ला की जंतू वाढतो, विष सोडतो. आणि कोकराच्याच आतड्यातला, दाणा पचवणारा रस त्या विषाचा एक तुकडा कापतो. तो तुकडा गेला की विषाला धार येते. मी म्हणालो, "म्हंजे कोकराच्याच पोटानं त्याला पाजळलं?" ती म्हणाली, "हो. जंतूला स्वतः काही करावं लागत नाही." मग ते विष रक्तातून जाऊन मूत्रपिंडातल्या पेशींच्या कातड्यावर बसतं. एकटं काही करत नाही. सात जण जमतात, गोल करतात. आपल्या गजी नाचात गडी गोल धरतात ना, तसं. गोल झाला की प्रत्येक जण आपल्यातला एक पट्टा खाली सोडतो. पट्ट्याची तेलकट बाजू चरबीकडं, दुसरी आतल्या बाजूला. सात जणांचे पट्टे एकमेकांना लागले की नळी तयार. कातड्यात आरपार. मग आतलं बाहेर, बाहेरचं आत, पिशवी फुगती आणि मरती.

तुझ्या बोटाखाली जे पसरलं ते हे होतं. आतड्याला भोक दिसलं नाही तुला, कारण भोकं होती ती डोळ्याला दिसणारी नव्हतीच. तुझा प्रश्न बरोबर होता. पंधरा-वीस वर्षं मी तुला वेड्यात काढलं.

मी डॉक्टरीणबाईला म्हणालो, "म्हंजे त्याला आत जायची गरजच न्हाय. भोक पाडलं की काम झालं."

"बरोबर," ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "काकूंना झालं ते वेगळं, मामा. ते विष आत जातं. सांगू का? नको असेल तर नको."

मी म्हणालो, "सांग."

धनुर्वाताचं विष दोन तुकड्यांचं असतं. थोरला आणि धाकटा, मध्ये एकच गाठ. थोरला नसेच्या टोकाला जाऊन चिकटतो. फोडत नाही, ओरबाडत नाही. नस स्वतःच त्याला गिळते. आपल्या कातड्याचा एक कोपरा आत ओढून त्याची बारकी पिशवी करते, आणि विष त्या पिशवीत. मी पटकन म्हणालो, "पिशवीतच हाय की मग. आत कुटं गेलं?" आणि म्हटल्यावर कळलं, ते तुझं बोलणं होतं, माझ्या तोंडातून आलेलं.

ती म्हणाली, "काकूंनी हेच विचारलं असतं. पिशवीत आहे तोवर ते पेशीच्या पोटात असूनही बाहेरच आहे."

ती पिशवी नसेतून वर वर सरकत पाठीच्या कण्यापर्यंत जाते. तुझ्या टाचेतून निघालेलं एवढं लांब गेलं, काही दिवस लागले त्याला, आणि त्या दिवसांत तू भाकरी थापत होतीस, कोकरं मोजत होतीस. कण्यात ते विष शेजारच्या नसेकडं जातं, तीही त्याला गिळते. आता त्या पिशवीत आंबटपणा भरतो. नस आपल्या रोजच्या कामासाठीच ते करते, तिला आत कोण बसलंय ते माहीत नसतं. आणि आंबट झालं की विष रूप बदलतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "दुधात लिंबू पिळलं की काय होतं?" मी म्हणालो, "फाटतं." तसंच. लपवलेली तेलकट बाजू बाहेर येते. तेलकट बाजूला पाणी सोसवत नाही, तिला चरबी पाहिजे, आणि जवळ चरबी कुठली, तर पिशवीच्या कातड्याची. थोरला त्यात घुसतो आणि बारीक वाट करतो. इतकी बारीक की गुंडी जायची नाही. म्हणून धाकटा सगळा उलगडतो, नुसता दोरा होतो आणि सुईच्या नेढ्यातून ओवल्यासारखा पलीकडं जातो. पलीकडं आंबट नाही. तिथं त्याची परत गुंडी होते, गाठ तुटते, धाकटा मोकळा. तो आत गेला.

मी विचारलं, "त्यो दोरा पलीकडं वढतं कोन?"

ती हसली. "यावर शिकलेली माणसंच अजून भांडतायत, मामा. थोडं कळलंय, थोडं नाही."

मल्लव्वा, खरं सांगू का. त्या वेळी मला राग यायला पाहिजे होता. ज्यानं तुला नेलं त्याची गोष्ट ऐकत होतो मी. पण मला नवल वाटत होतं. डोळे नाहीत, पाय नाहीत, जीवसुद्धा नाही त्याला, नुसता गुंडाळलेला दोरा, आणि काय त्याची चाल. पुढं काय, पुढं काय, असं विचारत गेलो. चहावर साय धरली. नंतर वाटलं, तू असतीस तर माझ्यापेक्षा पुढं सरकून बसली असतीस, आणि मी दारातून ओरडत असतो, पुरं कर, मेंढरं खोळंबलीत. तुझ्या जागेवर बसून तुझं ऐकून आलो. त्याबद्दल माफी मागू की तुझे उपकार मानू, मला ठरवता येईना.

आत गेलेला धाकटा काय करतो तेही विचारलं. अंगाच्या प्रत्येक स्नायूला दोन निरोप जातात, ताण आणि सैल सोड. तो 'सैल सोड'चा निरोप तोडतो. ताणायचा निरोप येतच राहतो. म्हणून तुझी दातखीळ, म्हणून ते अडकलेलं हसू, म्हणून पाठ. तुझ्या अंगाला कुणी सैल सोड म्हणून सांगणारंच राहिलं नाही.

मग मी ज्याच्यासाठी गेलो होतो ते विचारलं. "दवाखान्यात इंजेक्शन दिलं. खरं हुतं का खोटं?"

"खरं होतं. त्या औषधाचं काम विषाला धरायचं. पण ते रक्तात फिरणाऱ्या विषाला धरतं. जे नसेच्या आत गेलं त्याला कुठलंच औषध हात लावू शकत नाही. डॉक्टरांनी बाहेरचं होतं तेवढं धरलं. बाकीचं आधीच आत होतं."

"आमी दोन दिस लवंगेत घालवलं."

"लवकर नेलं असतं तर बरंच. थोडं विष बाहेर सापडलं असतं. पण त्या दोन दिवसांनी काकू वाचल्या असत्या का, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

"आन काटा लागला त्या दिशी सुई घेतली आस्ती तर?"

ती खिडकीतून बाहेर, गाईला सलाईन लावलेलं होतं तिकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला खोटं सांगू का खरं?"

"मला खोटं कळतंय," म्हणालो.

"जखम धुऊन सुई घेतली असती, विषावरचं औषधही दिलं असतं, तर बहुतेक वाचल्या असत्या. आणि मामा, बिब्बा लावला होता का?" मी मान हलवली. "तो जंतू लेंडीमातीत असतो, आणि त्याला हवा नको असते. तुम्ही वरून झाकण लावून दिलंत."

परत येताना मी एस्टीत बसलो नाही, चालत आलो. वाटेत कुणी भेटलं की मी तोंड फिरवायचो. घरी आलो, मेंढरं बघितली. सगळी टोचलेली, सगळी धडधाकट. एकालाही मी कधी विचारलं नव्हतं, तू काय मल्लव्वा आहेस का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारूच्या नवऱ्यावर मेंढरं सोपवली आणि पहिल्या एस्टीनं सोलापुरात बिरूची खोली गाठली. बिरू कारखान्यात जायला निघतच होता. मला बघून त्यानं कागद काढला, पेनही काढलं. मी म्हणालो, "ठेव खाली. आदी ऐक."

त्याला सगळं सांगितलं. पिशव्या, दोन पदर, थोरला-धाकटा. माझ्यासारखंच तो मधे मधे विचारत गेला. शेवटी म्हणाला, "म्हंजे डॉक्टरचा काय दोष न्हाय म्हना."

"न्हाय. माजा हाय. आईनं तुज्या सुई घ्यावी का म्हणून इचारलं हुतं. मी म्हनलो, तू काय मेंढरू हाईस व्हय. आन बिब्बा मी लावला."

बिरूनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. चपला घातल्या, जिना उतरायला लागला. मी वरच उभा. अर्ध्या जिन्यातून, वर न बघता म्हणाला, "तुमी तरी घेतली का सुई?"

"न्हाय. कदीच न्हाय."

"घेऊन या. मग कारखान्याच्या दाराशी या."

मी गेलो. दवाखान्यात रांगेत उभा राहिलो. सुई देणाऱ्या बाईनं विचारलं, जखम कुठं आहे. मी म्हणालो, जखम नाही, तरी द्या. एका सुईनं भागत नाही म्हणाली, महिन्यानं परत यायचं. बरं म्हणालो. मग कारखान्याच्या दारासमोर कट्ट्यावर जाऊन बसलो. जेवणाच्या सुट्टीत बिरू बाहेर आला. माझी बाही वर केली, कापूस उचलून बघितला, अंगठ्यानं दंड दाबला.

"दुकतंय का?"

"व्हय."

"दुकू द्या," म्हणाला, आणि माझ्या शेजारी बसून डबा उघडला.